भागिले एकशेवीस

कुरिसावा वाडीत पूर्वीपासून माप एकच असायचं. पाण्याचे पाट उपसायचे ते सगळ्यांनी एकाच रविवारी, मिसोचा आंबवलेला लगदा घालायला सोयाबीन शिजवायचं ते एकाच आठवड्यात आणि तांदूळ मोजायचा तो सभागृहात ठेवलेल्या चौकोनी लाकडी मापाने. ते माप बुडाशी उगाच जाड होतं, त्यामुळे थोडं कमी भरायचं. पण सगळ्यांचंच कमी भरायचं, म्हणून कधी तंटा झाला नाही. मी लग्न होऊन इथे आले तेव्हा सासूबाईंनी मला पहिली गोष्ट सांगितली ती हीच. "फुसाए, इथे शहाणपणा करायचा तोही सगळ्यांच्या बरोबरीने."

समुद्राकाठच्या अणुवीजकेंद्रात स्फोट झाले त्या वर्षीसुद्धा आम्ही तसेच वागलो. आमची वाडी डोंगराच्या अलीकडे. आम्हाला कुणी 'निघा' म्हटलं नाही आणि 'निवांत राहा' असंही धड म्हटलं नाही. मार्चमधलं बर्फ सोबत काय घेऊन पडलं ते कळायला बरेच दिवस गेले. मग वाडीला मोजायची काही यंत्रं उसनी मिळाली. हातात मावणारी, आत करंगळीपेक्षा बारीक नळी. किरण आला की टक् असा आवाज व्हायचा आणि मिनिटाला किती टकटक झाली तो आकडा वरच्या काचेवर यायचा. पण टकटक म्हणजे अंगाला किती लागलं ते नव्हे. त्यासाठी तो आकडा भागावा लागतो, तेव्हा कुठे तासाला किती मायक्रोसीव्हर्ट ते निघतं. यंत्रं घेऊन आलेला माणूस म्हणाला, "या यंत्रांना एकशेवीसने भागायचं." आमचे वाडीप्रमुख साकुमा-सान यांनी लगेच सभागृहातल्या फळ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं, 'भागिले एकशेवीस'. झालं. वाडीला माप मिळालं. लहान मुलंही रस्त्यात एकमेकांना एकशेवीसचा पाढा विचारायला लागली.

माझा मुलगा यासुनोरी शहराकडच्या कारखान्यात लेथवर काम करायचा. सून चिहारु. नात कोनोमी, तेव्हा चार वर्षांची. आमचे हे त्याआधीच गेले होते, आणि ते बरंच झालं असं मी तेव्हा म्हणायचे. एप्रिलमध्ये चिहारु पोरीला घेऊन डोंगरापलीकडे योनेझावाला गेली. तिथे भाड्याच्या दोन खोल्या. यासुनोरी शनिवारी गाडी काढायचा आणि रविवारी संध्याकाळी डोळे चोळत परत यायचा.

शेजारचे गेन्झो-सान कुंपणावरून हाक मारायचे. "काय वहिनी, सूनबाई परदेशातून कधी येणार?"

"तुमच्यासारखे शेजारी असल्यावर कशाला येईल?" मी म्हणायचे. हसून म्हणायचे आणि लगेच आत वळायचे.

चिहारु घाबरट नव्हती. नुसतं ऐकून ती गेली नव्हती. तिने इंटरनेटवरून अमेरिकेतलं एक वापरलेलं यंत्र मागवलं होतं. त्याच्या तळाशी बिस्किटाएवढी गोल खिडकी, तिच्यावर बारीक जाळी. माहितीपुस्तक आलंच नव्हतं. काचेवर नुसती टकटक. कितीने भागायचं ते यासुनोरीने तिला फोनवर सांगितलं, फळ्यावर होतं तेच. तिने पुष्कळ वाचलं, पुष्कळांना विचारलं आणि आपल्या मनाशी एक रेघ मारली. तासाला पाव मायक्रोसीव्हर्ट. पोरगी झोपते तिथे त्याच्या खाली आलं तर वसंतात परत यायचं, वर आलं तर नाही.

ऑक्टोबरमध्ये ती पोरीला तिकडच्या शेजारणीकडे ठेवून एकटीच आली. बूट काढले आणि थेट कोनोमीच्या खोलीत गेली. ती मागची खोली, देवदारांच्या डोंगराला लागून. तिने यंत्र तातामीच्या चटईवर पालथं टेकवलं. ते लागलं कडकडायला. मी दारात उभी राहून तिच्या पाठीकडे बघत होते.

"दीडशे," ती म्हणाली. मग फोनवर भागाकार केला. "सव्वा. आई, सव्वा येतंय. पावाच्या पाचपट."

"यंत्र बिघडलं असेल गं."

"परत परत बघितलं."

यासुनोरी म्हणाला, "बाकीच्यांच्या घरी इतकं येत नाही."

"बाकीच्यांच्या घरी माझी मुलगी झोपणार आहे का?" ती उठली आणि तिने यंत्र बंद केलं. आवाज थांबल्यावर खोली फारच शांत झाली. "नोरी, मी आता भांडत नाही. थकले. नव्या वर्षाच्या आत तू तिकडे काम बघ. नाही जमलं तर मी तिला तिकडेच शाळेत घालते. मग ती तिकडचीच झाली."

यासुनोरीने माझ्याकडे पाहिलं आणि लगेच मान वळवली. तो गेला असता तर मी या घरात एकटी उरले असते. नसता गेला तर त्याची मुलगी त्याला शनिवारचा पाहुणा म्हणून ओळखायला लागली असती.  मी चहाचं आधण ठेवलं.

त्याच दुपारी सभागृहात ओरिकासाबाई यायच्या होत्या. गेन्झो-सानची पुतणी त्यांची विद्यार्थिनी. विद्यापीठात जन्मभर हेच शिकवून निवृत्त झालेल्या, ठेंगण्या, जाड चष्म्याच्या. निइगाताहून स्वतःच्या खर्चाने आल्या होत्या, पाठीवर पोरासारखी पिशवी. चिहारु म्हणाली, "मी येते. एकच गोष्ट विचारायची आहे." काय ते तिने सांगितलं नाही.

सभागृहात चटयांवर सगळी वाडी बसली होती. बाईंनी भाषण केलं नाही. त्यांनी एक ठेंगणं मेज मधोमध ओढलं.

"सगळ्यांनी आपापली यंत्रं इथे ठेवा. अगदी जवळजवळ. मासळी मांडतात तशी."

"बाई, माझा मासा ताजा आहे," गेन्झो-सान म्हणाले. त्यांचं यंत्र त्यांच्या मुलाने चिबाहून पाठवलं होतं, चिहारुसारखंच, गोल खिडकीचं.

"ताजा की शिळा ते बघू. वाचा आता आकडे."

साकुमा-सानचे चोवीस. गेन्झो-सानची बायको तोमिए वाडीचं यंत्र वापरायची, तिचे तेवीस. गेन्झो-सानचे सत्तर. चिहारुचे सदुसष्ट.

"गेन्झो-सान, तुम्ही बसलात त्या बाजूला किरणं जास्त येतात वाटतं?"

"माझ्यावर सगळ्यांचाच जीव आहे, बाई."

"आता फळ्यावर लिहिलंय तसं भागा."

साकुमा-सानचं उत्तर पॉइंट दोन. चिहारुचं अर्ध्याच्याही वर. बाई चष्मा पुसत राहिल्या. मेज एक, खोली एक, आणि शेजारी शेजारी ठेवलेल्या यंत्रांत अडीचपटींहून जास्त फरक. आम्ही इतके महिने आपापल्या घरी एकेकटे मोजत होतो. यंत्रं एका ठिकाणी आणून बघावीत हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. माप एकच आहे म्हटल्यावर कोण बघणार?

"यातली खराब कुठली?" साकुमा-साननी विचारलं.

"एकही नाही. फुसाए-सान, एक बशी द्या. आणि भात मिसळायची ती मोठी परात."

मी दिल्या. बाईंनी दोन हातांत दोन्ही धरल्या. "पावसात या दोन्ही अंगणात ठेवल्या. बशीत मिनिटाला किती थेंब पडतात ते मोजलं, परातीतले मोजले. परातीत जास्त निघाले. म्हणून परातीवर पाऊस जास्त पडला का?"

"नाही," आम्ही शाळेतल्यासारखे एका सुरात म्हणालो.

"भांडं नुसते थेंब मोजतं. पाऊस किती झाला हे काढायचं तर भांडं केवढं ते ठाऊक पाहिजे. एकशेवीस हा बशीचा आकडा आहे. या दोघांकडे परात आहे. ही गोल खिडकी मी ओळखते. हिच्या टकटकीला तीनशे चौतीसने भागायचं."

मग त्यांनी पिशवीतून स्वतःचं अवजड यंत्र काढून मेजावर ठेवलं. त्यात नळी नव्हती, स्फटिक होता, आणि ते दरवर्षी तपासून घेतलेलं होतं. त्यावर पॉइंट दोन आले. चिहारुने सदुसष्टला तीनशे चौतीसने भागलं. फोन माझ्यापुढे धरला. पॉइंट दोन. 

"म्हणजे," गेन्झो-सान सावकाश म्हणाले, "माझ्या पडवीत फार लागतंय म्हणून मी उन्हाळाभर गोठ्यात बसून चहा प्यायलो, तो फुकट?"

"फुकट कसा?" तोमिए म्हणाली. "गाईंना सोबत झाली."

सभागृह हसून हसून लोळलं. इतक्या महिन्यांत आम्ही एकत्र हसलो नव्हतो. फक्त साकुमा-सान हसले नाहीत. ते उभे राहिले आणि कंबरेत वाकले. "फळ्यावर मी लिहिलं. चूक माझी."

बाईही उठल्या आणि तेवढ्याच वाकल्या. "तुम्ही लिहिलंत ते तुमच्या यंत्राला अगदी बरोबर आहे. पुसू नका. त्याच्याखाली दुसरी ओळ लिहा म्हणजे झालं."

आज इतक्या वर्षांनी मला त्यांचं ते वाकणं आठवतं. त्या म्हाताऱ्या माणसाला त्यांनी सगळ्यांदेखत सांभाळून घेतलं. त्याबद्दलही मी त्यांची ऋणी आहे.

चिहारु एव्हाना दुसरा भागाकार करून बसली होती. "बाई, माझ्या मुलीच्या खोलीत दीडशे येतात. म्हणजे पॉइंट पंचेचाळीस. सव्वा नव्हे, पण पावाच्या वरच. घरी येता का?"

"चला."

घरी आल्यावर मी त्यांच्यापुढे मुळ्याचं लोणचं ठेवलं. "हे स्फोटाच्या आधीचं आहे," मी सांगितलं. तेव्हा पाहुण्याला हे सांगावं लागायचं. बाईंनी एक फोड तोंडात टाकली, कुरुमकुरुम चावत मागच्या खोलीत गेल्या आणि चिहारुला म्हणाल्या, "तू मोजलंस तसंच मोजून दाखव."

चिहारुने यंत्र पालथं टेकवलं.

"इथे एक गोम आहे. या खिडकीतून दोन जातींचे किरण आत शिरतात. एक जात दांडगी. भिंतीतून येते, अंगातून आरपार जाते. दुसरी जात लंगडी. जवळच्या धुळीतून निघते आणि जरा जाड पत्रा लागला की अडते. तीनशे चौतीस हा आकडा दांडग्यांसाठी ठरवलेला आहे. लंगडे त्यात मिसळले की उत्तर फुगतं. फुसाए-सान, घरात ॲल्युमिनियमचं झाकण आहे का?"

मी फडताळातून आमच्या ह्यांचा जुना जेवणाचा डबा काढला. त्या काळचे सगळे डबे ॲल्युमिनियमचे. बाईंनी झाकण उजेडात धरलं आणि परत दिलं. "याला भोक आहे."

खरंच होतं. जन्मभर भातावर मधोमध खारवलेला आलुबुखार, त्याच्या आंबटाने पत्रा खाल्ला होता. "बाबांना रोज दोन लागायचे," यासुनोरी म्हणाला. मग मी त्याचे शाळेतले डबे काढले. दोन झाकणं एकावर एक खिडकीखाली सरकवली आणि आम्ही चौघं त्या यंत्राभोवती गुडघ्यांवर बसून राहिलो.

शंभर.

"पॉइंट तीन," चिहारु म्हणाली.

"पन्नास गेले ते या चटईच्या विणीत बसलेल्या धुळीचे," बाई म्हणाल्या. "ते हिशेबातून गेले, घरातून गेले नाहीत. पोर चटईवर लोळेल, बोटं तोंडात घालेल. चटया बदला. उरलेले शंभर मागच्या डोंगरातून येताहेत. ते चटई बदलून जाणार नाहीत."

यासुनोरीचा धीर सुटला, तो पॉइंट गाळून नुसते शंभरांशच बोलू लागला. "सव्वाशेवरून तिसावर आलं! तुझी रेघ पंचवीसाची. पाचावर अडून बसणार आहेस?"

"आज सकाळी अठ्ठावीस आले असते तरी तू 'तीनच जास्त' म्हणाला असतास. रेघ मारली ती मारली, नोरी."

मी बाईंची बाही धरली. "बाई, तुम्ही सांगा ना तिला. राहिलं तर चालेल म्हणून. तुमचं ऐकेल ती."

बाईंनी माझा हात हातात घेतला. "फुसाए-सान, आकडा खरा काढून देणं माझं काम. रेघ कुठे मारायची ते आईचं. मलाही नातवंडं आहेत. पण ती इथे झोपत नाहीत."

तेव्हा मला त्यांचा राग आला. एवढ्या लांबून आल्या आणि शेवटचं एक वाक्य बोलायला तयार नाहीत! पुढे कितीतरी वर्षांनी चिहारुने मला सांगितलं, की तिला बाईंना एकच गोष्ट विचारायची होती, 'तुम्ही माझ्या जागी असतात तर?' आणि बाईंचं माझ्याशी झालेलं बोलणं ऐकून तिने ती विचारली नाही. त्या वर्षात टीव्हीपासून माहेरच्या मामांपर्यंत सगळ्यांनी तिला काय करायचं ते सांगितलं होतं. एकट्या बाईंनी तिला यंत्र कसं धरायचं ते शिकवलं.

"घरात एवढीच खोली आहे का?" बाईंनी विचारलं.

मग चिहारु झाकणं लावून घरभर फिरली. स्वयंपाकघर, न्हाणीघर, त्यांची दोघांची खोली. पन्हळीखालच्या चिखलाशी यंत्र नुसतं पिसाळलं. झाकणं लावूनसुद्धा आकडा खाली येईना, आणि यासुनोरीने तिथे दोरी बांधून टाकली. शेवटी ती पुढच्या बैठकीत आली. तिथे साठ. तिने भागाकार केला, काचेकडे क्षणभर बघितलं आणि यंत्र उचलून बाहेर निघाली.

"किती आलं गं?"

"पॉइंट अठरा," ती म्हणाली आणि पुढे गेली.

ती का थांबली नाही ते मला कळलं. ती खोली पितरांची. आमच्या ह्यांचा, सासूसासऱ्यांचा, त्यांच्याही वरच्यांचा देव्हारा तिथे. मी तिथेच कोपऱ्यात झोपायचे. आमच्याकडे घर पडलं तरी देव्हारा पुढच्या खोलीतून हलत नाही. सुनेने तो हलवा म्हणणं तर कुणी ऐकलेलंही नाही. यासुनोरी खाली बघत बसला होता. तोही म्हणणार नव्हता. म्हणू शकेल अशी घरात मी एकटीच होते.

"कोनोमी इथे झोपेल," मी म्हटलं.

"आणि बाबा?" यासुनोरीने विचारलं.

"ते कोनोमीच्या खोलीत. मी त्यांच्याबरोबर."

चिहारु दारातून मागे आली. "आई, असं नका करू. लोक काय म्हणतील?"

"लोक उन्हाळाभर गोठ्यात चहा पीत होते. चार वर्षांच्या पोरीला मागच्या खोलीतले तीस जास्त आहेत ना? बाहत्तर वर्षांच्या म्हातारीचं त्याने काय वाकडं होणार? आणि ह्यांचं तर आता काहीच नाही."

बाहेर अंगणात गेन्झो-सान घुटमळत होते. त्यांना आत काय चाललंय ते ऐकल्याशिवाय राहवत नव्हतं. "वहिनी, तेइजीला विचारलंत का?" ते ह्यांचं नाव घेऊन म्हणाले.

"जन्मभर मी म्हटलं तिथे बसले ते. आता काय विचारायचं?"

बाई तोंडात लोणचं असताना हसल्या आणि त्यांना ठसका लागला. चिहारुने पाणी आणलं. मग ती माझ्यासमोर बसली, दोन्ही हात चटईवर टेकून कपाळ जमिनीला लावलं आणि बराच वेळ उठली नाही. मी म्हटलं, "पुरे, चहा निवतोय."

देवळातले भिक्षू येऊन मंत्र म्हणून गेले. देव्हारा उचलायला साकुमा-सान स्वतः आले. माझ्या थोरल्या नणंदेने बातमी ऐकून वर्षभर माझ्याशी बोलणं टाकलं. तेही चालवून घेतलं. हिवाळ्यात घरातल्या सगळ्या चटया बदलल्या, पन्हळीखालची माती खणून काढली. बाई दर ऋतूला येत राहिल्या आणि वाडीतल्या एकेका घरी एकेकाला शिकवत राहिल्या. कुणाला 'राहा' म्हणाल्या नाहीत, कुणाला 'जा' म्हणाल्या नाहीत. दोन घरं मोजून झाल्यावर वाडी सोडून गेली, त्यांना निरोप द्यायलाही त्या आल्या होत्या. आता त्या नाहीत. रोज सकाळी पितरांपुढे भात ठेवताना मी त्यांचंही नाव घेते. माझ्या घराण्याच्या त्या कुणी नव्हत्या, पण आमच्या ह्यांची हरकत असेल असं वाटत नाही.

त्या हिवाळ्यानंतर एप्रिलमध्ये कोनोमी आली. गाडीतून उतरली ती थेट पुढच्या खोलीत गेली आणि नव्या चटईचा वास घेत गडबडा लोळायला लागली. "आजी, इथे गवत उगवलंय!" तिचा आवाज घरभर घुमत होता. मी मागच्या खोलीत देव्हाऱ्यापुढे उदबत्ती लावत होते. डोळे भरून आले होते, म्हणून जरा तिथेच थांबले होते.

तेवढ्यात चिहारु आली. अंगावर अजून प्रवासाचा कोट, हातात यंत्र आणि डब्याची झाकणं.

"आई, जरा सरका. तुमचं अंथरूण कुठे असतं?"

"हे काय, डोंगराकडच्या भिंतीशी. देव्हारा आतल्या बाजूला ठेवलाय, तिकडे गार लागत नाही."

ती भिंतीशी बसली, थांबली, भागाकार केला. मग देव्हाऱ्याशी बसली.

"भिंतीशी अठ्ठावीस. देव्हाऱ्यापाशी एकवीस. उलटं झालंय, आई. तुम्ही इकडे झोपायचं."

"अगं, मला या वयात काय फरक पडतो? बाईंनाही मी हेच..."

"माझ्या घरात पंचवीसच्या वर कुणी झोपायचं नाही," ती म्हणाली.

ती या घरात येऊन सात वर्षं झाली होती. 'माझं घर' हे शब्द तिच्या तोंडून मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले.  मी उठले आणि देव्हाऱ्याची एक बाजू धरली, दुसरी तिने. यासुनोरीला हाकसुद्धा मारली नाही. डोंगराकडच्या भिंतीशी तो टेकवताना आमच्या ह्यांची तसबीर थोडी तिरकी झाली. चिहारुने ती बोटाने सरळ केली आणि हात जोडले.

"बाबा," ती म्हणाली, "थोडं सोसा."